आधी धार, मग दोरी

“अहो मॅडम, म्हशीनं केलंय ते. तुम्ही उगाच त्यात डोकं घालू नका,” असं म्हणून हेडसरांनी माझ्यापुढं चहाचा कप सरकवला.

आमच्याकडच्या शाळांमध्ये चहा पुढं सरकवला की विषय मिटला असं धरतात. मी कपाला हात लावला नाही.

“सर, म्हैस मनगटाला कशी लागेल? तेही दोन्ही मनगटांना, सारखंच?”

“म्हैस म्हणजे म्हशीची दोरी हो. धार काढताना मागचे पाय बांधतात ना, ती. पोरगी घरी मदत करत असणार. तिनंच दाखवलं मला. हे असं.” हेडसरांनी दोन्ही मुठी वरखाली करून हवेत धार काढली, मग मनगटाला मनगट लावलं. एवढा मोठा सहा फुटी माणूस, खुर्चीत बसून म्हैस पिळत होता. एरवी मी हसले असते.

मी विशेष शिक्षिका आहे. म्हणजे नक्की काय, हे माझ्या नातेवाइकांनाही अजून कळलेलं नाही, म्हणून सांगते. अपंग मुलं आता साध्याच शाळेत बाकीच्या पोरांबरोबर शिकतात. त्यांच्यासाठी माझ्यासारखी एक फिरती बाई असते. ओतूरला राहते, सकाळी स्कूटी काढते आणि आज या वाडीत, उद्या त्या. आधी काही वर्षं आंबेगावात हेच केलं, आता जुन्नरमध्ये करते. नोकरी कंत्राटी. दर वर्षी नवी ऑर्डर येते आणि ती हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. आणखी एक कबूल करून टाकते. माझं शिक्षण बौद्धिक अक्षमतेचं, म्हणजे ज्या मुलांना शिकायला, समजायला वेळ लागतो त्यांचं. कर्णबधिर मुलांची खुणांची भाषा मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. कामचलाऊ. पण ऑर्डरमध्ये सगळीच मुलं येतात, तेव्हा बहिरी मुलंही माझीच.

शाळेचं नाव सांगत नाही. येडगाव धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत.

ईश्वरी पाचवीत होती. जन्मापासून ऐकू येत नाही, कानाच्या मशीनचाही फारसा उपयोग नाही. पण पोरगी भलती बोलघेवडी! मी स्कूटी स्टँडला लावायच्या आत माझी बाही ओढून सुरू. काल कुत्र्यानं काय केलं, वर्गात कोण पडलं, कुणाच्या डब्यात काय होतं, सगळं हातांनी. तिनं शाळेतल्या प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवलेलं. बहिऱ्या मुलांची ही रीतच असते. नाव ऐकू येत नाही, म्हणून माणसाचं जे पहिल्यांदा डोळ्यात भरलं तेच त्याचं नाव. हेडसर म्हणजे छातीवर दोन बोटं, कारण त्यांच्या खिशाला कायम दोन पेनं. मी म्हणजे डोक्यावर हेल्मेट चढवायची खूण. एकदा ठेवलं की ठेवलं. मी एसटीनं गेले तरी हेल्मेटच.

हे सगळं मला चांगलं माहीत होतं. लक्षात ठेवा, पुढं यातूनच माझी फजिती होणार आहे.

त्या सोमवारी मी गेले तर ईश्वरी बाकावर बसलेली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. मी हेल्मेटची खूण केली, ती हसली नाही. मी विचारलं, काय झालं? हात बाहेर येईनात. आपल्यासारखं बोलणारं मूल गप्प झालं तर लगेच कळतं. बहिरं मूल गप्प झालं तर शाळेत म्हणतात, शहाणी झाली. वर्गशिक्षकांनी तसंच सांगितलं मला. म्हणे, “हल्ली लई शांत असते, त्रास नाही.”

मी तिचे हात हळूच बाहेर काढले आणि बाह्या वर केल्या. दोन्ही मनगटांच्या मागच्या बाजूला दोन बोटं रुंदीचे वळ. काही जुने, पिवळट पडलेले, काही ताजे. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि भराभर खुणा केल्या. मुठी खाली ओढल्या, धार काढल्यासारख्या. मग मनगटाला मनगट. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मग हात परत मांडीखाली.

आता मी काही पुण्यातून आलेली बाई नाही. माहेर निमगाव सावा. बारावीपर्यंत दोन म्हशींची धार काढून मग कॉलेजला गेलेय. दोरी ओढून लागलं तर तळवा सोलतो, बोटं कापतात. ईश्वरीचे तळवे स्वच्छ होते. आणि सुंभाची दोरी असो की नायलॉनची, तिच्या वळावर पीळ उमटतो. हे वळ सपाट होते. दोरी ओढणाऱ्याच्या अंगावरचे नव्हतेच ते. ज्याला बांधलं त्याच्या अंगावरचे होते.

हे सगळं मी हेडसरांना सांगितलं. चहावर साय धरली तोपर्यंत.

“म्हणजे कुणीतरी बांधतंय म्हणता? खात्री आहे का तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“म्हणूनच कळवायचं, सर.”

इथंच आमच्या लोकांची गाडी अडते. सगळ्यांना वाटतं, आधी खात्री करायची, मग कळवायचं. उलट आहे. अपंग माणसावर अत्याचार होतोय असं मानायला कारण असेल, तर कुणीही तहसीलदारांसारख्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर अंगाशी येत नाही. मूल असेल आणि लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असेल, तर मग न कळवणं हाच गुन्हा. वळ बघून आत आणखी काय घडलंय हे मला कसं कळणार? मी काही डॉक्टर नाही. म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय. शंका आली की कळवायचं, खात्री करणारे वेगळे असतात, त्यांना त्याचा पगार मिळतो.

“आधी घरच्यांना बोलावून विचारू. रीतसर,” हेडसर म्हणाले.

“घरातलंच कुणी करत असेल तर? आपण त्यालाच सावध करू.”

“मी मघाशीच फोन केलाय,” ते खाली बघत म्हणाले.

अशी चीड आली मला! पण काय करता, दारात ईश्वरीची आई उभी होती. लताताई. शेतातून तशाच आलेल्या.

“मॅडम, दोरीच हाय ती,” त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. “मला बी तिनं तसंच दाखवलं. पंधरा दिस झालं, रोज दाखवती. मी म्हनलं, नको जाऊ म्हशीपाशी. तरी रोज तेच.”

“तिला म्हशीजवळ जाताना तुम्ही बघितलंत?”

“न्हाय बा. ती तर म्हशीला भिती.”

“मग धार कोण काढतं घरी?”

“तिचं चुलतं. बापूभावजी.”

हेडसर एकदम ताठ झाले. लताताईंनी माझा हात धरला. “मॅडम, पोलिसाचं नका काढू. भावजी लई तापट हायेत. म्हनतील, बंद करा शाळा. अन् गाडीवाला बी म्हनंल, नको ह्ये भानगडीचं पोर. गाडी बंद म्हंजे शाळा बंदच की. चार किलोमीटर एकलीला कशी धाडू? हिला मागनं ट्रक आला तरी कळत न्हाय.”

खरं होतं त्यांचं. घरात ईश्वरीशी खुणेनं बोलणारं कुणी नव्हतं. जेव, झोप, चल, एवढ्याच काय त्या खुणा. तिचं सगळं बोलणं शाळेत. शाळा गेली तर पोरगी मुकी होणार होती. आणि कळवलं नाही तर रोज कुणीतरी तिचे हात बांधणार होतं. कळवलं तर शाळा जाईल, न कळवलं तर हात. मग म्हटलं, “लताताई, शाळेचं मी बघते. पण कळवणार.” कसं बघणार होते, देव जाणे. शब्द देऊन बसले.

त्या व्हरांड्यात गेल्यावर हेडसर हळूच म्हणाले, “बापूच असणार मॅडम. चौकात सुद्धा हातघाईवर येतो तो. घाला त्याचं नाव.”

“मघाशी म्हैस होती,” मी म्हटलं.

पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात बापूच होता. धार तो काढतो, पोरगी धारेची खूण करते, माणूस तापट. जुळतंच होतं की सगळं. मी कागद घेतला आणि ‘मुलीचे चुलते’ इथपर्यंत लिहिलंसुद्धा. मग आमच्या ट्रेनिंगमधल्या बाई आठवल्या. त्या सारखं एकच घोकून घ्यायच्या, जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते लिहू नका. तेव्हा आम्ही मागच्या बाकावर बसून जांभया देत होतो. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

त्यावर लिहिलं ते असं. मुलीच्या दोन्ही मनगटांवर मागील बाजूस दोन बोटे रुंदीचे सपाट वळ आहेत. तळहातांवर इजा नाही. विचारले असता तिने प्रथम दोन्ही मुठी आळीपाळीने खाली ओढल्या, त्यानंतर दोन्ही मनगटे एकमेकांना जोडली. असे तीन वेळा केले, तिन्ही वेळा याच क्रमाने. याचा अर्थ मला निश्चित सांगता येत नाही. हे कोणी केले ते मला माहीत नाही.

“एवढंच?” हेडसर म्हणाले. “यातून काय कळणार त्यांना?”

“जेवढं मला कळलंय तेवढं. सही करा.”

“माझी कशाला?”

“मी एकटीनं दिलं तरी चालतंय. पण मग तुम्ही का नाही दिलं, हे तुम्हाला विचारतील.”

खिशातलं एक पेन निघालं आणि सही झाली.

चाइल्ड हेल्पलाइनला फोन केला, पोलीस ठाण्याला केला, कागदाचा फोटो गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि तहसील कार्यालयात धाडला. हेल्पलाइनवरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, “मुलगी आत्ता कुठं आहे? आम्ही पोचेपर्यंत सोडू नका.”

पाच वाजले. शाळा सुटली, फाटकाशी गाडी आली. संपतभाऊची ईको. संपतभाऊ भला माणूस, कधी कुणाला वाकडं बोललेला ऐकला नाही. पहाटे वस्त्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करून डेअरीला घालायचा, मग त्याच गाडीत पोरं भरायचा. मी ईश्वरीचा हात धरून फाटकापर्यंत गेले आणि म्हटलं, “भाऊ, आज ही येणार नाही. आमचं जरा काम आहे.”

“बरं मॅडम,” तो म्हणाला. “घरी सांगू का काय?”

“नको नको. लताताई इथंच आहेत. तुम्ही एवढं करता पोरांसाठी, तेच पुष्कळ आहे.”

मी चक्क त्याचे आभार मानले, हसून. ईश्वरी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं माझ्या हातातून हात सोडवला आणि भिंतीला जाऊन टेकली. मला वाटलं, दमली. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

पुढचं सगळं नीट झालं, हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं पोलिसांत गेलं की पोराचे हालच. एक महिला पोलीस साध्या कपड्यात आल्या, हेल्पलाइनची एक बाई आली. ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली. मायलेकींना ओतूरला ईश्वरीच्या मावशीकडं ठेवलं, घरापासून आणि गावापासून लांब. आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून दुभाषी बाई आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील कर्णबधिर, म्हणजे खुणांची भाषा त्या पाळण्यात शिकलेल्या.

त्यांनी आधी माझा कागद वाचला. “हा क्रम तुम्ही बघून लिहिलाय की अंदाजानं?”

“बघून. तिन्ही वेळा तसंच होतं.”

“मग पहिली खूण काम नाहीये. नाव आहे. आधी कोण, मग काय केलं.”

छातीवर दोन बोटं म्हणजे हेडसर, हेल्मेट म्हणजे मी, हे मला पाठ होतं. आणि धार काढणं हे कुणाचं नाव असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कारण मी म्हशीच्या घरातली. धार म्हटलं की मला म्हैस दिसली. हेडसरांना म्हैस दिसली. जन्मदात्या आईलासुद्धा म्हैसच दिसली. ती पोरगी पंधरा दिवस प्रत्येकाला नाव घेऊन सांगत होती आणि आम्ही सगळे तिला म्हशीपासून लांब राहा म्हणत होतो!

दुभाषी बाईंनी विचारलं, हा धारवाला काय करतो? ईश्वरीनं हवेत स्टिअरिंग फिरवलं.

ती चारेक वर्षांची असल्यापासून संपतभाऊ रोज दुधाला दारात यायचा. दुधाची खूण म्हणजे धार काढणं, म्हणून तो धार. गाडी नंतर आली, पण नाव एकदा ठेवलं की ठेवलं. तिची वस्ती सगळ्यात लांब, त्यामुळं सकाळी गाडीत पहिली ती आणि संध्याकाळी शेवटची ती. तेवढ्या वेळात गाडीत दोघंच. दुसरं काही वावगं झालं नव्हतं, हे डॉक्टरांनी आणि दुभाषी बाईंनीही सांगितलं तेव्हा लताताई रडल्या. मीही रडले, लपवत नाही.

संपतभाऊनं काही नाकारलं नाही. त्यालाच नवल वाटत होतं. “मारलं न्हाय ओ मी तिला, एक चापट न्हाय. हात लई चालत्यात तिचं. मागनं खांदा वढती, आरशात काय काय दावती. गाडी चालवताना ध्यान जातं. म्हनून कॅनची पट्टी लावायचो, पुढची वस्ती येईस्तवर. येवढंच.” दुधाचे कॅन गाडीत बांधायला टायरच्या ट्यूबची कापलेली पट्टी असते ना, ती. सपाट, दोन बोटं रुंद.

गावातही पुष्कळांना एवढंच वाटलं. एवढ्यासाठी पोलीस? मारलं तर नाही ना? पारावर एकानं मला तोंडावर विचारलं. मी त्याला म्हटलं, “तुमच्या पोराच्या तोंडाला रोज जाता-येता चिकटपट्टी लावली, तर चालेल? एक चापट न मारता?” बहिऱ्या पोरीचे हात बांधणं म्हणजे तिचं तोंड बांधणं. ते वळ महिन्याभरात गेले. हात मांडीखाली घालून बसायची सवय जायला जास्त दिवस लागले.

बापूभावजी मला शाळेच्या आवारात भेटले. त्यांच्याकडंही पोलीस चौकशीला जाऊन आले होते. मी जरा मागंच सरकले. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “मॅडम, तुमी निमगाव साव्याच्या ना? म्हशीच्या घरातल्या?”

“हो.”

“मग सांगा की मला. धार काढून झाल्यावर म्हशीचं पाय बांधतंय व्हय कुणी?”

आधी दोरी, मग धार. शेंबडं पोरही सांगेल. ईश्वरी दर वेळी उलटं दाखवत होती, मी स्वतःच्या हातानं तो क्रम लिहिला आणि तरी मला दिसलं नाही.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“तुमच्या कागदावर माझं नाव नव्हतं, म्हनत्यात.”

“नव्हतं.”

“मग झालं,” ते म्हणाले. आणि जाता जाता, “शाळा बंद-बिंद करणार न्हाय आमी. वयनी उगाच घाबरती.”

‘मुलीचे चुलते’ लिहिलेला तो फाडलेला कागद मी त्याच दिवशी चुलीत घातला होता, हे त्यांना सांगितलं नाही.

संपतभाऊची गाडी बंद झाली. केस चालू आहे, त्यावर जास्त बोलत नाही. लताताईंना दिलेला शब्द मात्र माझ्या मानगुटीवर होता. पंचायत समितीत इतके हेलपाटे घातले की शिपाई मला बघून आधीच म्हणायचा, “साहेब मीटिंगला गेलेत.” पण शेवटी दुसरी गाडी मिळाली आणि गाडीत एक बाई बसवायचीच, हेही मान्य झालं. तोपर्यंत ईश्वरीला शाळेत कोण आणत होतं? हेडसर. स्वतःच्या मोटारसायकलवर, मध्ये पोरगी, मागं लताताई. पुढच्या खेपेला त्यांनी चहा दिला आणि मी तो प्यायले.

आता नव्या शिक्षकांना मी हेच सांगते. कळवायच्या कागदावर ‘कोणी केले’ हा रकाना भरायला हात शिवशिवतो. गावात तर नाव सुचवणारे दहा जण उभे असतात. माहीत नसेल तर तो मोकळा सोडा. आणि मुलानं जे केलं ते ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं लिहा, तुम्हाला कळलं नसलं तरी.

नव्या गाडीत कमलताई नावाची बाई असते. गेल्या आठवड्यात फाटकाशी मला गाठून तक्रार करत होती. “मॅडम, तुमची ती ईश्वरी लई बोलती ओ. वस्तीपासनं शाळेपस्तवर तोंडाला खळ न्हाय. मला तर कायबी कळत न्हाय, नुसती मान हलवून मान दुखती माझी.”

मी म्हटलं, “हलवत राहा.”